पाइप मोठा, तोंड लहान : मोठ्या छपरांच्या पाण्याविषयी वाचकांचे प्रश्न

कौलारू घराच्या पागोळ्या अंगणात पडतात आणि प्रश्न तिथेच मिटतो. दीड-दोन हजार चौरस मीटरची गच्ची किंवा कारखान्याची शेड असली की तेच पाणी मोजून-मापून खाली आणावं लागतं. आगोटीच्या तोंडावर या विषयाची बरीच पत्रं आली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. पत्रं थोडी आखूड केली आहेत.

प्रश्न : आम्ही तीन मजली व्यापारी संकुल बांधतो आहोत. गच्ची सपाट, १,८०० चौरस मीटरची. नकाशात चार इंची १२ पाइप आहेत. आर्किटेक्ट म्हणतात पुरतील, प्लंबर म्हणतो कमी पडतील. कोणाचं ऐकावं? (चिपळूण)

उत्तर : प्लंबरचं. मात्र नुसते पाइप वाढवून भागणार नाही.

आधी पाणी किती येणार ते काढा. गच्चीचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्या, त्याला ताशी मिलिमीटरमधल्या पावसाच्या जोराने गुणा आणि ३,६०० ने भागा. उत्तर सेकंदाला लिटरमध्ये मिळतं. ताशी १५० मिमीच्या सरीला तुमच्या गच्चीवर सेकंदाला ७५ लिटर पाणी जमतं, म्हणजे दर सेकंदाला पंधरा लिटरच्या पाच बादल्या.

पावसाचा जोर धरताना दिवसाचा आकडा घेऊ नका, तो फसवतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्याची ताशी सरासरी जेमतेम ३९ मिमी येते, पण त्याच दिवशी एका तासात १९० मिमीच्या आसपास पाऊस कोसळला होता. गच्ची तुंबते ती दिवसभराच्या पावसाने नाही, दहा-पंधरा मिनिटांच्या सरीने. कोकणपट्टीत उघड्या गच्चीला ताशी १५० आणि इमारतीच्या आत उतरणाऱ्या गटरला २०० मिमी धरावेत असं आमचं ठाम मत आहे.

आता पाइप. राष्ट्रीय बांधकाम संहितेतल्या तक्त्यात १५० मिमी जोराला १०० मिमी व्यासाचा पाइप २८.५ चौरस मीटर छपराला पुरतो आणि १५० मिमी व्यासाचा ८३.६ चौरस मीटरला. तुमचे १२ पाइप मिळून साधारण ३४२ चौरस मीटरचे झाले. सहा इंची घेतले तर २२ लागतील.

हे आकडे बघून बरेच जण म्हणतात की तक्ता फार घाबरट आहे, उभा पाइप याच्या कितीतरी पट पाणी नेतो. उभ्या पाइपाबद्दल ते खरंच आहे. अडचण पाइपात नसते, त्याच्या तोंडाशी असते. पाणी कडेवरून आत शिरतं, आणि किती शिरेल हे तोंडावर पाणी किती उंच उभं आहे यावर ठरतं. १५० मिमीच्या तोंडावर २५ मिमी पाणी असेल तर सेकंदाला अडीच लिटर आत जातात, ५० मिमीला सात आणि ७५ मिमीला तेरा. वर जाळी बसवली की हे निम्मं धरायचं. तुमच्या १२ तोंडांतून ७५ लिटर जायचे तर प्रत्येकी सव्वासहा लिटर झाले. चार इंची तोंडाला त्यासाठी जाळीशिवायच ९ सेंटिमीटर पाणी उभं राहावं लागेल.

म्हणून खर्च तोंडावर करा. प्रत्येक तोंडाभोवती निदान ४५० मिमी चौरस, जमलं तर ६०० मिमी, असा ४०-५० मिमी खोल खुर्रा, म्हणजे खोलगट खळगा, ठेवा. गच्ची कोरडी असतानाच तोंडावर पाण्याची उंची मिळते ती या खुर्र्यामुळे. जाळी घुमटाच्या आकाराची घ्या आणि तिच्या भोकांचं एकूण क्षेत्र पाइपाच्या छेदाच्या दुप्पट असू द्या. सपाट जाळीवर आंब्याची चार ओली पानं चिकटली की तोंड बंद होतं.

२२ तोंडांचा आणखी एक फायदा आहे. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ९ मीटर बाय ९ मीटरचा तुकडा येतो आणि ढाळ आखूड राहतो. १:१०० च्या ढाळाने १५ मीटर लांब जायचं तर कोबा एका टोकाला १५ सेंटिमीटरने चढतो, आणि तेवढ्या जाडीच्या ब्रिकबॅट कोब्याचं वजन चौरस मीटरला अडीचशे किलोच्या पुढे जातं. स्लॅबवर पाण्याआधी कोब्याचाच भार पडतो.

लिफ्टची खोली किंवा इमारतीचा उंच भाग गच्चीला लागून असेल तर त्या भिंतीचं निम्मं क्षेत्रफळ गच्चीत मिळवा. नैऋत्येकडून झड आली की भिंतीवरचं सगळं पाणी खाली गच्चीतच उतरतं.

तुमच्या पत्रात ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट म्हणजे दुसरी वाट. सगळी तोंडं तुंबली तर पाणी कुठून जाईल? कठड्याला आरपार चौकोनी खिडक्या ठेवा, त्यांचा तळ तोंडाजवळच्या गच्चीच्या पातळीपेक्षा ५० मिमी वर. ६०० मिमी रुंद खिडकीतून ७५ मिमी उंच पाणी वाहिलं तर सेकंदाला १६ लिटर जातं. पाच खिडक्यांत तुमचे ७५ लिटर निघतात. तेव्हा खोलगट भागात १२५ मिमी पाणी असेल, म्हणजे चौरस मीटरला १२५ किलो. माणसांचा वावर असलेल्या सपाट छपरासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात १५० किलोचा भार धरतात, त्याच्या आत हे बसतं. खिडक्या नसतील तर पाणी कठड्याच्या उंचीपर्यंत चढत जातं, आणि एक मीटर कठडा म्हणजे चौरस मीटरला एक टन.

खिडकीचं पाणी लोकांना दिसेल अशा बाजूला पडू द्या, फक्त खाली मीटरची पेटी किंवा ट्रान्सफॉर्मर नको. तिथून धार लागली की तोंडं तुंबली आहेत हे रखवालदारालाही कळतं.

प्रश्न : काजू प्रक्रियेची शेड आहे, ८० मीटर लांब, ३६ मीटर रुंद, दोन गाळ्यांची, मध्ये व्हॅली गटर (दोन छपरांच्या मधल्या खोलगटीतलं गटर). आत यंत्रांमुळे पाइप उतरवायला जागा नाही. एका पुरवठादाराने सायफॉनिक पद्धत सुचवली आहे. खर्च बराच जास्त आहे. ती खरंच चालते का? (कुडाळ एमआयडीसी)

उत्तर : चालते, आणि तुमच्यासारख्या शेडसाठीच ती योग्य आहे. १९६८ मध्ये फिनलंडमध्ये ओलावी एबेलिंग यांनी ती काढली.

साध्या पाइपात पाणी कडेकडेने वाहतं आणि मधली बहुतेक जागा हवेने भरलेली असते. सायफॉनिक तोंडावर एक तबकडी असते. ती पाण्यात भोवरा होऊ देत नाही, त्यामुळे हवा आत जात नाही आणि पाइप काठोकाठ भरतो. मग छपरापासून जमिनीपर्यंतचा पाण्याचा अख्खा स्तंभ वरचं पाणी खेचून घेतो. त्यामुळे आडव्या पाइपाला ढाळ लागत नाही, पाइप लहान व्यासाचा चालतो आणि जमिनीखालचं खोदकाम निम्म्याहून कमी होतं.

तुमच्या व्हॅली गटरमध्ये अर्ध्या छपराचं, म्हणजे १,४४० चौरस मीटरचं पाणी येतं. ताशी २०० मिमीला सेकंदाला ८० लिटर. साध्या पद्धतीने गटरात ७५ मिमी पाणी धरलं तरी सहा इंची सात तोंडं लागतील, जाळ्या घातल्या तर तेरा. प्रत्येकाचा पाइप यंत्रांच्या मधून उतरणार आणि फरशीखालून बाहेर जाणार. सायफॉनिकमध्ये १२ लिटरची आठ तोंडं घ्या, चार-चारचे दोन संच करा, गटराखालून आडवा पाइप न्या आणि दोन्ही टोकांच्या भिंतींना एकेक उभा पाइप उतरवा. आतली फरशी फोडावी लागत नाही.

आता काळजीच्या जागा. या पद्धतीत प्रत्येक तोंडापासून खालपर्यंतचा अडथळा सारखा असावा लागतो. म्हणून उभ्या पाइपाजवळच्या तोंडाला मुद्दाम बारीक पाइप असतो आणि लांबच्या तोंडाला मोठा. साइटवर हे उलटं वाटतं. ७५ मिमीचा माल संपला म्हणून फिटर ११० मिमीचा तुकडा टाकतो, ‘मोठाच तर आहे’ असं म्हणून. त्या तोंडातून हवा आत शिरते आणि पूर्ण संच साध्या पाइपासारखा वागायला लागतो. मग बारीक पाइप अपुरे पडतात आणि गटर भरून आत सांडतं. नकाशातल्या व्यासात एकही बदल पुरवठादाराच्या लेखी परवानगीशिवाय करू देऊ नका.

पाइपात हवेच्या दाबापेक्षा कमी दाब तयार होतो, काही ठिकाणी उणे ०.८ बारपर्यंत. रबर रिंगचा साधा पाइप तिथे हवा ओढतो किंवा चपटा होतो. एचडीपीई (चिवट प्लास्टिकचे) पाइप आणि बट फ्यूजन किंवा इलेक्ट्रोफ्यूजनचेच, म्हणजे वितळवून एकजीव केलेले, जोड घ्या. भरलेला पाइप हादरतो, म्हणून तो छताला एकेका क्लॅम्पवर न टांगता सलग रेलवर बांधतात. गणिताची छापील प्रत मागा. तिच्यात पावसाचा जोर, प्रत्येक तोंडाचा प्रवाह आणि सर्वात कमी दाबाची जागा दिसली पाहिजे. ती द्यायला पुरवठादार तयार नसेल तर काम देऊ नका.

खाली उभा पाइप ज्या चेंबरमध्ये येतो तिथे सायफन तुटला पाहिजे. चेंबर मोठं, त्यातून पुढे जाणारा पाइप मोठ्या व्यासाचा आणि झाकण जाळीचं असू द्या. बंद झाकण हवेच्या दाबाने उडतं.

मात्र शेडच्या दोन्ही बाहेरच्या कडांना सायफॉनिक घालू नका. तिथे प्रत्येक खांबापाशी एक असे बाहेरून उतरणारे सहा इंची साधे पाइप स्वस्तात काम करतात. कडेच्या गटरची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा २५-३० मिमी खाली ठेवा, तुंबलं तरी पाणी बाहेर सांडेल. व्हॅली गटरला अशी कड नसते. तिथे जास्तीच्या पाण्यासाठी तोंडं थोडी उंच असलेला दुसरा स्वतंत्र संच लागतो, आणि गटरच्या टोकाच्या पट्ट्या पत्र्याच्या कडेपेक्षा खाली असाव्या लागतात. कोटेशनमध्ये हा दुसरा संच नसेल तर ते कोटेशन अर्धवट आहे.

रिमझिम पावसात सायफॉनिक पद्धत साधीच चालते आणि पाइपात गाळ बसतो. जोराची सर तो धुऊन नेते. तोंडावरच्या पानांचं आणि काजूच्या फोलपटांचं तसं नाही, ते हातानेच काढावं लागतं.

प्रश्न : पावसाचे पाइप सेप्टिक टँकच्या चेंबरला जोडले तर वेगळी लाइन टाकायचा खर्च वाचेल. चालेल का? (सावंतवाडी)

उत्तर : नाही. ५०० चौरस मीटर छपरावर ताशी १०० मिमी पावसाने तासाला ५०,००० लिटर पाणी येतं. टाकीतला गाळ उपसून ते शोषखड्ड्यात नेतं आणि तळमजल्याच्या संडासांतून वर येतं. शोषखड्डा एकदा गाळाने बुजला की पुन्हा सुधारत नाही.

प्रश्न : आमचं शीतगृह समुद्रापासून साधारण ४०० मीटरवर आहे. जीआयचं गटर चार वर्षांत चाळण झालं. आता स्टेनलेस घालावं का? (वेंगुर्ला)

उत्तर : घाला, पण ३०४ ग्रेडचं नको, ३१६ ग्रेडचं घ्या. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत त्याला बारीक खड्डे कमी पडतात. ३०४ वर किनाऱ्याजवळ चहासारखे डाग पडतात आणि जोडांच्या फटीत ते आतून खाल्लं जातं.

गटर पावसाळ्यात गंजतं असा समज आहे, पण उरलेल्या आठ महिन्यांत ते जास्त गंजतं. तेव्हा तळाशी धूळ, पानं आणि पक्ष्यांची विष्ठा दमट राहते आणि त्यात मीठ साठत जातं. धुऊन न्यायला पाऊस नसतो. जुनं गटर काढाल तेव्हा त्याचा खालचा पृष्ठभाग नीट पाहा. पाऊस जिथे कधीच पोचत नाही तिथे पांढरी पूड आणि तिच्याखाली तांबूस पोपडे दिसतील. नोव्हेंबर ते मे महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुतलं तर कोणतंही गटर जास्त टिकतं.

स्टेनलेसच्या गटरला जस्ताच्या मुलाम्याचे स्क्रू लावू नका. मोठं स्टेनलेस आणि लहान जस्त एकत्र भिजलं की स्क्रू आधी संपतो. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, आणि पत्रा व गटर जिथे टेकतात तिथे ईपीडीएम रबराची पट्टी घाला. शीतगृहाच्या यंत्रणेतल्या तांब्याच्या नळ्यांवरून थेंबणारं पाणी छपरावर पडत असेल तर ते वेगळ्या नळीने खाली न्या. त्यातलं तांबं जस्ताचा आणि ॲल्युमिनियमचा पत्रा खातं.

ऊन-पावसाने धातू हलतो. ३० मीटरचं गटर ४० अंशांच्या फरकाने ३१६ असेल तर १९ मिमी लांब होतं, ॲल्युमिनियमचं असेल तर २८ मिमी. सलग जोडून दोन्ही टोकं घट्ट केली की मधला जोड फाटतो. दर १२-१५ मीटरला तुकडा पाडा, प्रत्येक तुकड्याला स्वतःचं तोंड द्या आणि मीटरला निदान ३ मिमी ढाळ ठेवा.

कडेच्या गटरांना एफआरपी (काचतंतू घातलेलं प्लास्टिक) आम्ही स्टेनलेसपेक्षा बरं समजतो. त्याला मीठ खात नाही आणि दरही परवडतो. व्हॅली गटरला मात्र स्टेनलेसच, कारण सफाईला माणूस त्यात उतरून चालतो. एफआरपी तिथे तडकतं आणि तडा आतल्या मालावर गळू लागेपर्यंत कळत नाही.

प्रश्न : आमच्या खाडीकाठच्या बाजार इमारतीत उधाणाच्या दिवशी पाऊस आला की तळमजल्याच्या चेंबरमधून पाणी वर येतं. फ्लॅप व्हॉल्व्ह (एकाच बाजूला उघडणारं झाकण) बसवूनही तेच. (जयगड)

उत्तर : व्हॉल्व्ह खाडीचं पाणी आत येऊ देत नाही, पण त्याच वेळी छपराचं पाणीही बाहेर जाऊ देत नाही. तुमच्या चेंबरमधून वर येतं ते बहुधा तुमच्याच छपराचं पाणी. चव घेऊन पाहू नका, एका बाटलीत भरून साबण चोळून बघा. फेस चांगला आला तर पाणी पावसाचं.

उपाय वाट वेगळी करण्याचा आहे. छपराचा पाइप तळमजल्याच्या एकाही उघड्या चेंबरला न जोडता, बंद आणि दाब सोसणारा असा थेट खाडीच्या तोंडापर्यंत न्या आणि त्याला स्वतःचा फ्लॅप द्या. भरती तोंडापेक्षा मीटरभर वर असली तरी उभ्या पाइपात पाणी मीटरभरापेक्षा थोडं जास्त चढतं आणि स्वतःच्या वजनाने फ्लॅप ढकलून बाहेर पडतं. मधे एक जरी उघडं चेंबर भरतीच्या पातळीखाली राहिलं तर हा दाब तिथेच सुटतो. रबर रिंगचा पाइपही इथे चालणार नाही. जोत्याच्या पातळीखाली पण अंगणापेक्षा वर, बाहेरच्या भिंतीला एक सांडण्याचं टी-तोंड ठेवा, म्हणजे मुख्य तोंड तुंबलं तर पाणी दुकानात न येता रस्त्यावर जाईल. अंगणाचं पाणी वेगळ्या खड्ड्यात घेऊन पंपाने काढा.

फ्लॅपच्या कडेला कालवं आणि प्लास्टिक अडकलं की तो पूर्ण मिटत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या ओहोटीला पाणी सर्वात खाली जातं, तेव्हा तो खरवडून घ्या.

प्रश्न : दवाखान्याच्या गच्चीत पाइपाच्या तोंडाभोवतीच ओल येते. दोनदा सिमेंट भरलं, पुढच्या पावसात पुन्हा गळतं. (रत्नागिरी)

उत्तर : पीव्हीसी आणि काँक्रीट एकमेकांना चिकटत नाहीत. उन्हाने पाइप हलतो आणि भोवती केसाएवढी फट पडते. खालच्या छतावर पाइपाभोवती तपकिरी कडं उमटतं ते याच फटीतून उतरलेल्या पाण्याचं. वरून सिमेंट भरणं म्हणजे तीच फट पुन्हा तयार करणं.

तोंडाभोवती ३०० मिमी कोबा स्लॅबपर्यंत काढा. पाइपाचा वरचा तुकडा बदलून पडल फ्लँजचा, म्हणजे काँक्रीटमध्ये रुतणारी चकती असलेला, तुकडा बसवा आणि भोवतीची जागा न आकसणाऱ्या ग्राउटने भरा. ग्राउट आणि पाइप यांच्यामध्ये १० मिमीची खाच ठेवून ती पॉलियुरेथेन सीलंटने भरा. जलरोधक थर तोंडाच्या आत ५० मिमी खाली वळवा. बहुतेक ठिकाणी तो कडेलाच तोडलेला असतो आणि गळती तिथूनच सुरू होते. मग खुर्रा करा, कठडा आणि गच्ची मिळतात तिथे गोल वाटा (सिमेंटची गोलाई) काढा.

पाइप नवा घेताना आयएस १३५९२ मधला टाइप बी घ्या. ११० मिमीला त्याची जाडी ३.२ मिमी असते, टाइप ए ची २.२. दुकानदार पावसासाठी टाइप ए देतो आणि नियमाने तो चालतोही, पण खाली पाइप तुंबला तर दर दहा मीटर उंचीला तळाशी एक बार दाब येतो आणि पातळ पाइपाचे जोड सुटतात. दवाखान्यात तो धोका घेऊ नये.

काम झाल्यावर तोंड बूच मारून बंद करा, भोवती विटांचा बांध घालून ५० मिमी पाणी ४८ तास उभं ठेवा आणि खालून छत पाहा. कोरडं राहिलं तर बूच एकदम काढा. पाणी गुरगुरत, न अडता गेलं पाहिजे. बूच काढून खालच्या चेंबरमध्ये पाहायला दुसरा माणूस उभा करा. कोब्याचे तुकडे पाइपात पडलेले असतील तर ते आत्ताच, मृगाच्या आधी, बाहेर येतात.